तळ्याकाठचे ब्रेगेंझ आणि गुरे राखणारी पोरे

वाचकहो, कचेरीतला कारकून परदेशी जाऊन आला म्हटले की लोक आधी त्याच्या तोंडाकडे पाहतात आणि मग खिशाकडे. म्हणून खुलासा आधीच करून टाकतो. गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता पंधरा दिवस परदेशी जाऊन आलो, ते आमच्या पैशाने नव्हे. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा शिष्यवृत्तीवर जर्मनीत उल्म या गावी शिकायला गेला होता. शिक्षण पुरे करून तो तिथेच नोकरीला लागला. पहिल्या वर्षी त्याने आपल्या आईवडिलांना नेऊन आणले. दुसऱ्या वर्षी "काका, आता तुमची आणि काकूंची पाळी" म्हणून तिकिटे काढून मोकळा झाला. आम्ही कचेरीतून ना-हरकत दाखला मिळवला, व्हिसासाठी प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती काढल्या. पत्नीने शेंगदाण्याची चटणी आणि थालिपिठाची भाजणी बांधून घेतली आणि आम्ही निघालो.

परत आल्यापासून वस्तीतले सगळे एकच विचारतात, "काय काय पाहिले?" पाहिले पुष्कळ. पण सगळे सांगत बसलो तर या सदराची जागा पुरायची नाही. म्हणून आज एकाच दिवसाची आणि एकाच शहराची हकिगत सांगतो. शहराचे नाव ब्रेगेंझ. देश ऑस्ट्रिया. आमच्या गल्लीतल्या पोरांना ते क्रिकेटवाले ऑस्ट्रेलिया वाटले आणि त्यांनी आमच्याकडे बॅट मागितली. तेव्हा हेही सांगून ठेवतो की हा देश वेगळा. युरोपच्या मध्यभागी आल्प्स पर्वतात वसलेला, नऊ प्रांतांचा. राजधानी व्हिएन्ना पार पूर्वेच्या टोकाला. ब्रेगेंझ त्याच्या उलट, अगदी पश्चिमेच्या टोकाला, फोरार्लबर्ग नावाच्या छोट्या प्रांताचे मुख्य ठिकाण. वस्ती जेमतेम तीस हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीला तालुक्याचे गाव म्हणतात.

सकाळी उल्महून गाडीत बसलो. वाटेत राफेन्सबुर्ग नावाचे स्टेशन लागले. खिडकीतून जुन्या गावाचे उंच मनोरे दिसले. पत्नी म्हणाली, "गाव छान दिसतंय हो." आम्ही हो म्हटले आणि डब्यातली थालिपिठे सोडली. त्या स्टेशनाचे नाव संध्याकाळी पुन्हा येणार आहे. वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

पुढे फ्रीडरिशहाफेन आले आणि उजव्या हाताला पाणीच पाणी दिसू लागले. आम्ही पुतण्याला म्हटले, "अरे, या देशाला तर समुद्र नाही ना?" तो हसला. हा समुद्र नव्हे, हे बोडनसे सरोवर. इंग्रजीत त्याला कॉन्स्टन्स म्हणतात. लांबी ६३ किलोमीटर, पसारा ५३६ चौरस किलोमीटर, खोली सर्वांत जास्त जागी २५१ मीटर. स्वित्झर्लंडच्या डोंगरांतून आलेली ऱ्हाईन नदी ब्रेगेंझजवळ या सरोवरात शिरते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. लिंडाऊला गाडी बदलली आणि थोड्याच वेळात ऑस्ट्रियात उतरलो. स्टेशनातून बाहेर पडून चार पावले चाललो की पाणी. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला फेन्डर नावाचा १,०६४ मीटर उंचीचा डोंगर आणि मध्ये शहर. डोंगरावर जायला १९२७ सालापासून तारेवरून चालणारा पाळणा आहे. आम्ही तो खालूनच पाहिला, कारण पत्नीने वर मान करून पाहिले आणि "मी इथंच बरी" असे जाहीर केले.

काठावर एक गोष्ट ऐकली ती लिहून ठेवण्यासारखी आहे. या सरोवराला तीन देश लागून आहेत, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया. पण त्याच्या मोठ्या भागात, ज्याला वरचे सरोवर म्हणतात, पाण्यावरची हद्द कुठून कुठे हे तिन्ही देशांनी मिळून आजवर ठरवलेलेच नाही. आपल्याकडे दोन भावांत बांधावरून कोर्टात तीन पिढ्या जातात. इथे तीन देश हद्द न आखता बोटी चालवतात, मासे धरतात. आणि भांडत बसण्याऐवजी १९५९ साली त्यांनी पाणी राखण्यासाठी एक संयुक्त आयोग नेमला. कारण तसेच होते. गावांची घाण आणि शेतातली खते सरोवरात येऊन पाणी बिघडले होते. १९७० नंतरच्या दशकात पाण्यातले फॉस्फरस घनमीटरमागे ८० मिलिग्रॅमच्या वर गेले होते. काठच्या गावांनी सांडपाणी शुद्ध करण्याचे कारखाने उभारले. आज ते प्रमाण १० मिलिग्रॅमच्या आसपास आले आहे. जर्मनीच्या बाजूला याच सरोवराचे पाणी नळाने दूर स्टुटगार्टपर्यंत जाते आणि सुमारे ४० लाख लोक ते पितात.

पत्नी पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेली. दोन्ही हातांची ओंजळ करून तिने पाणी उचलले, क्षणभर तसेच धरले आणि डोळ्यांना लावले. पुतण्या तिच्याकडे पाहत उभा राहिला. बोलले कोणीच नाही. तिने ते का केले हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मग आम्ही जुने शहर पाहायला चढण चढू लागलो. ब्रेगेंझ फार जुने. येथे आधी केल्ट लोकांची वस्ती होती, इसवी सनापूर्वी १५ साली रोमन सैन्याने हा मुलूख जिंकला आणि ब्रिगांटिउम या नावाने रोमन शहर वसले. आताचे वरचे शहर म्हणजे मध्ययुगातले कोटाच्या आतले गाव. कोटाच्या वेशीत वर पाहिले तर एक वाळवलेला शार्क मासा टांगलेला! डोंगरातल्या गावात समुद्राचा मासा. आपल्याकडे दारावर लिंबू-मिरची, इकडे शार्क, असे आम्ही म्हटले आणि तिघेही हसलो. त्याच वेशीवर घोड्यांची केल्टिक देवता एपोना हिचे दगडी शिल्प आहे. आत मार्टिनचा मनोरा आहे, त्यावर भल्यामोठ्या कांद्याच्या आकाराचा घुमट. इ.स. १६०० च्या सुमारास तो चढवला. लाकडी चौकटीचा जुना नगरभवनाचा वाडा १६६२ चा. गल्ल्या शेणाने सारवल्यासारख्या स्वच्छ, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. खालच्या बाजूला चर्चच्या रस्त्यावर एक घर आहे, त्याची रस्त्याकडची भिंत जेमतेम ५७ सेंटिमीटर रुंद. आमच्या पत्नीने आपली ओढणी आडवी धरून ते मापून पाहिले आणि म्हणाली, "आपली खोली मोठी निघाली की हो!"

या वरच्या शहरातच आम्हांला गुटाची गोष्ट कळली. १४०७-०८ च्या हिवाळ्यात आप्पेनझेल भागातल्या शेतकऱ्यांनी ब्रेगेंझला वेढा दिला होता. हे शेतकरी मठाधिपती आणि सरदार यांच्या जाचाविरुद्ध उठलेले होते. जानेवारी १४०८ मध्ये लढाई झाली आणि वेढा मोडला, एवढा इतिहास. पुढची दंतकथा. गुटा नावाची एक भिकारीण एका खानावळीत शेकोटीजवळ पडली होती. ती झोपलीच आहे असे समजून बंडवाल्यांनी तिच्यादेखत हल्ल्याचा बेत केला. ती बर्फातून रातोरात ब्रेगेंझला पोचली आणि तिने शहराला सावध केले. शहर वाचले. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर तिने एवढेच मागितले म्हणे, की रात्रीच्या पहारेकऱ्याने गस्त घालताना माझे नाव घ्यावे. तेव्हापासून शेकडो वर्षे हिवाळ्याच्या रात्री पहारेकरी "गुटाचा मान राखा" अशी आरोळी देत असे. म्हणून तिचे नावच एरेगुटा पडले. एरे म्हणजे मान.

पुतण्याला ही गोष्ट फार आवडली. एका भिकारणीचे नाव एखादे शहर शेकडो वर्षे घेते, हे काही थोडे नाही. आम्हांलाही ते मान्य आहे. पण आमच्या पत्नीने पायरीवर बसून एक साधा प्रश्न केला, "थंडीत बर्फातनं आलेल्या म्हातारीनं घोंगडी मागितली नसेल होय? भाकर मागितली नसेल?" आम्ही निरुत्तर झालो. भाकर द्यायची वेळ ज्यांच्यावर आली असती, त्यांनीच पुढे ही गोष्ट सांगितली. त्यामुळे गोष्टीतल्या गुटाला भूकच लागत नाही. मान मोठा खरा, पण पोट भरलेल्याने उपाशी माणसाला नुसता मान देऊन वाटेला लावावे, ही रीत जगात सगळीकडे दिसते.

मनात हा विचार घेऊन खाली उतरलो. तिथे श्पार्कासेनप्लाट्झ नावाच्या चौकात आणखी एक स्मारक पाहिले. पुतळा नाही, चौथरा नाही. पूर्वी मोठ्या रेल्वे स्टेशनांवर गाड्यांची नावे खटाखट उलटणारे फलक असत, तसा एक फलक. त्यावर अक्षरांच्या छोट्या पट्ट्या उलटतात आणि एकामागून एक नाव येते. १९३८ साली हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. त्या राजवटीला फोरार्लबर्गमधल्या ज्या माणसांनी विरोध केला, ज्या शिपायांनी त्या सैन्यातून पळ काढला, अशा शंभर जणांची नावे या फलकावर फिरतात. हे स्मारक २०१५ साली उभे राहिले. म्हणजे युद्ध संपून ७० वर्षे झाल्यावर. सैन्यातून पळालेल्यांना लोक इतकी वर्षे भित्रेच समजत होते.

या शहराची एक बाई होती, कारोलिने रेडलर. युद्धाच्या काळात दवाखान्यात नंबर येईपर्यंत बसली असताना ती राज्यकर्त्यांविरुद्ध बोलली. ऐकणाऱ्यांनी चहाडी केली. नोव्हेंबर १९४४ मध्ये व्हिएन्नात तिला देहदंड दिला गेला. गुन्हा काय, तर दवाखान्याच्या बाकावर बसून खरे बोलली. आम्ही फलकासमोर बराच वेळ उभे होतो. पट्ट्या उलटताना जो आवाज होतो तो चौकातल्या गडबडीत फार मोठा नाही, पण ऐकू येतो. खरेदीच्या पिशव्या घेतलेले लोक जाता जाता मान वळवून पाहत होते.

दुपारी कोर्नमार्क्ट चौकात आलो. म्हणजे धान्यबाजाराचा चौक. येथे प्रांताचे संग्रहालय आहे. २०१३ साली ते नव्या रूपात उघडले. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर काँक्रीटची फुले आहेत, मोजून १६,६५६. जवळ जाऊन पाहिले तर आमच्या पत्नीने लगेच ओळखले, "अहो, ही तर पाण्याच्या बाटलीची बुडं!" आणि ते खरे निघाले. प्लॅस्टिकच्या बाटल्यांच्या बुडांचे ठसे घेऊन ती फुले पाडलेली आहेत. ज्या वस्तू आपण उकिरड्यावर फेकतो त्यांतली शोभा पाहायला कारागिराची नजर लागते. शेजारीच काचेच्या तावदानांनी मढवलेले कलादालन आहे, १९९७ सालचे, पीटर झुमथोर या नामांकित स्विस स्थापत्यकाराने बांधलेले.

ब्रेगेंझचे नाव जगभर झाले ते मात्र पाण्यावरच्या रंगमंचाने. सरोवराच्या काठावर सुमारे सात हजार माणसे बसतील अशा पायऱ्या आहेत आणि समोर पाण्यात रंगमंच. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे संगीत नाटके होतात, ज्यांना ऑपेरा म्हणतात. एकच भव्य देखावा दोन उन्हाळे पाण्यात उभा ठेवतात, मधला हिवाळाही तो तिथेच काढतो. वादक मंडळी आतल्या सभागृहात बसून वाजवतात आणि त्यांचा आवाज ध्वनिवर्धकांतून बाहेर प्रेक्षकांपर्यंत येतो. २००८ साली आलेल्या जेम्स बाँडच्या चित्रपटात हा रंगमंच दाखवला आहे, असे सांगितले तर तरुण वाचकांना लगेच पटेल.

आम्हांला त्याची सुरुवात अधिक भावली. मे १९४५ मध्ये युद्धाच्या शेवटच्या दिवसांत फ्रेंच फौजा आल्या तेव्हा शहरावर मारा होऊन घरे पडली होती. पुढे हा प्रांत काही वर्षे फ्रेंचांच्या ताब्यात होता. शहराला धड नाट्यगृह नव्हते. अशा वेळी १९४६ सालच्या उन्हाळ्यात लोकांनी खडी-वाळू वाहणाऱ्या दोन होड्या बंदरात लावल्या. एकीवर नट उभे राहिले, दुसरीवर वादक बसले आणि मोझार्टचे एक छोटे संगीत नाटक केले. अंगावर धड कपडे नसण्याच्या काळातही माणसाला गाणे लागते, आणि जागा नसली तर तो ती पाण्यावर करतो. आम्ही गेलो तेव्हा नाटकांचे दिवस नव्हते. रिकाम्या पायऱ्यांवर बसून शिदोरी सोडली. चटणीच्या वासाने शेजारच्या बाकावरचे एक वृद्ध जोडपे वळून पाहू लागले. पत्नीने त्यांना थालिपिठाचा तुकडा दिला. आजीबाईंनी तो खाल्ला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली!

चार वाजता आम्ही बंदरावर आलो. पांढऱ्याशुभ्र बोटी लागत होत्या, सुटत होत्या. पर्यटकांची मुले आइस्क्रीम खात धक्क्यावर धावत होती. आम्ही म्हटले, किती सुखी शहर आहे. तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, याच धक्क्यावरून पोरं विक्रीला नेल्यासारखी न्यायचे, माहीत आहे?" तो गेल्या वर्षी वोल्फेग या गावचे जुन्या शेतघरांचे संग्रहालय पाहून आला होता. तिथे या मुलांवर प्रदर्शन आहे. त्याने जे सांगितले ते आम्ही त्याच्या शब्दांत नव्हे, पण जसेच्या तसे देतो.

आज श्रीमंत दिसणारा हा डोंगराळ मुलूख एकेकाळी कंगाल होता. फोरार्लबर्ग, शेजारचा टिरोल आणि स्वित्झर्लंडचे काही भाग, इथली शेते चिंचोळी, पोरे पुष्कळ. सरोवरापलीकडे जर्मनीतला श्वाबेन हा प्रांत मात्र सुपीक, तिथे मोठे शेतकरी. तेव्हा दर वर्षी वसंत ऋतूत गरिबांची सहा-सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची मुले-मुली घरातून निघत. टिरोलची पोरे १,७९३ मीटर उंचीची आर्लबर्ग खिंड बर्फातून पायी ओलांडत. बरोबर एखादा धर्मगुरू किंवा वडीलधारा माणूस असे. १९ मार्चच्या सुमारास राफेन्सबुर्ग आणि इतर गावांत या पोरांचा बाजार भरे. शेतकरी येत, पोर पाहून घेत, मजुरीचा सौदा करत आणि घेऊन जात. ११ नोव्हेंबरला मार्टिनच्या सणापर्यंत मुलांनी गुरे राखायची, मुलींनी स्वयंपाकघरात राबायचे, धन्याची लेकरे सांभाळायची. मोबदला म्हणजे कपड्यांचे दोन जोड, पायताण आणि थोडे पैसे. आईबापांचा खरा फायदा एवढाच की तेवढे महिने घरात खाणारे एक तोंड कमी. या पोरांना श्वाबेनची मुले असेच नाव पडले. १६२५ सालापासून याच्या नोंदी सापडतात.

१८८४ मध्ये आर्लबर्गखालून बोगदा काढून रेल्वे आली. मग पोरे गाडीने ब्रेगेंझला येऊ लागली आणि इथून आगबोटीत बसून पलीकडे फ्रीडरिशहाफेनच्या बाजारात जाऊ लागली. १८९१ साली धर्मगुरूंच्या पुढाकाराने एक संघ निघाला. त्याने प्रवासाची सोय केली, मजुरीचे करार कागदावर आणले. हाल थोडे कमी झाले. बाजार चालूच राहिला. १९०८ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी हा गुलामांचा बाजार आहे असे लिहून गदारोळ केला. तरी पोरे जातच होती.

आम्ही विचारले, "पण इकडे शाळा सक्तीची नव्हती का?" तो म्हणाला, "काका, तिथंच तर गोम आहे." ऑस्ट्रियात महाराणी मारिया तेरेझा हिने १७७४ सालीच शाळेचा कायदा केला होता. १८६९ च्या कायद्याने आठ वर्षांची शाळा सक्तीची झाली. पण गरीब मुलांना उन्हाळ्यात कामासाठी शाळेतून मोकळीक देण्याची वाट ठेवलेली होती. तिकडे जर्मनीत श्वाबेनच्या शेतकऱ्यांच्या स्वतःच्या मुलांना शाळा सक्तीची होती. परदेशी पोरांना तो कायदा लागूच नव्हता. म्हणजे पाहा, शेतकऱ्याचा मुलगा वर्गात बसला म्हणून गुरांमागे कोणीतरी हवे आणि ते कोणीतरी कायद्याच्या बाहेरचे हवे. अखेर १९२१ साली तिथल्या सरकारने परदेशी मुलांनाही शाळा सक्तीची केली. जो व्यवहार तीनशे वर्षे दयेने, संघाने, वर्तमानपत्रांच्या ओरडण्याने थांबला नाही, तो त्यानंतर जवळजवळ संपून गेला. पोर शाळेतच पाठवायचे असेल तर ते विकत घेऊन शेतकऱ्याला उपयोग काय?

मग पुतण्याने एक बारीकशी गोष्ट सांगितली. ही पोरे बहुधा अनवाणी असत. पहाटेच्या दहिवरात, थंडीत, पाय बधिर होत. तेव्हा गाईने शेण टाकले की पोरे धावत जाऊन त्या गरम शेणात पाय घालून उभी राहत.

वाचकहो, हे ऐकून आम्ही धक्क्यावरच्या दगडावर बसलो. कारण ही गोष्ट आम्ही ऐकलेली होती. आमच्या वडिलांकडून. दादांना चौथीतून काढून गावच्या एका बड्या शेतकऱ्याकडे गुरांमागे ठेवले होते. वर्षाकाठी चार पायल्या ज्वारी, एक घोंगडी आणि रोजची शिळी भाकर. पौषाच्या थंडीत ढोरं सोडताना पायाला भेगा पडायच्या, रक्त यायचे. "ढोरानं शेण टाकलं की त्यात पाय घालायचो, जिवाला बरं वाटायचं," असे ते सांगत आणि वर हसत. आम्ही लहान होतो, आम्हीही हसत असू. दादांना जाऊन सहा वर्षे झाली. ते वीस वर्षांचे असताना शहरात आले, हमाली केली, रात्रीच्या वर्गात बसून सही करायला आणि पेपर वाचायला शिकले. आम्हा भावंडांपैकी एकाचीही शाळा त्यांनी एक दिवस चुकू दिली नाही. तापातसुद्धा नाही. तेव्हा आम्हांला तो जाच वाटे.

दादांनी आल्प्स पर्वत कधी ऐकला नव्हता आणि त्या पोरांनी आमचे गाव. एकाच प्रकारे पाय गरम करायला दोघांनाही कोणी शिकवले नव्हते. पुतण्याने आजोबांची ही गोष्ट ऐकलेली नव्हती. त्याला ती त्या धक्क्यावर कळली. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत उभा होता. मग म्हणाला, "आजोबांनी मला कधीच सांगितलं नाही." आम्ही म्हटले, "तू पहिला नंबर आणायचास तेव्हा त्यांना दुसरे काही सुचत नसे."

संध्याकाळी परतलो. हद्द ओलांडताना जर्मनीचे पोलीस डब्यात चढले आणि सगळ्यांचे पासपोर्ट पाहून गेले. तिकडे जाणाऱ्यांनी एका दिवसाच्या सहलीलाही पासपोर्ट खिशात ठेवावा, घरी ठेवू नये. दुकाने रविवारी बंद असतात, तेव्हा शिदोरी बरोबर असावी. सार्वजनिक कारंज्याच्या तोटीचे पाणी प्यायचे नसेल तिथे तशी पाटी असते, एवढे पाहून प्यावे.

थोड्या वेळाने राफेन्सबुर्ग आले. तेच मनोरे, उन्हात सोनेरी झालेले. सकाळी आम्ही या गावाकडे पाहत थालिपीठ खाल्ले होते. आता तिघेही उठून खिडकीशी आलो. फलाटावर शाळेची दप्तरे पाठीला लावलेली चार-पाच मुले उभी होती. त्यांत एक-दोन काळ्या केसांची, बहुधा बाहेरून आलेल्या कामगारांची. एकमेकांना ढकलत, खिदळत ती आमच्या डब्यात चढली आणि पुढच्या स्टेशनावर उतरून गेली. पत्नी त्यांच्या दप्तरांकडे बघत होती. ब्रेगेंझच्या फुलांपेक्षा, मनोऱ्यापेक्षा, पाण्यावरच्या रंगमंचापेक्षा आम्हांला त्या दिवशीचे हेच दृश्य अजून आठवते.

आता थोडे आपल्या दारातले. आपल्याकडेही २००९ चा कायदा आहे, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क देणारा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. पण ऑस्ट्रियातही १७७४ पासून कायदा होता, हे विसरू नये. कायदा असतो आणि त्याला भोकही असते. ते भोक नेमके गरिबाच्या पोराएवढे असते. ऊसतोडीला दिवाळीनंतर निघणाऱ्या गाडीत, वीटभट्टीवर, चहाच्या टपरीवर आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी ठेवलेल्या मुलींत ते दिसते. हजेरीपटावर नाव असते, पोर वर्गात नसते.

म्हणून या सदरातून एक विनंती. शाळा जूनमध्ये उघडतात. पहिल्या आठवड्यात आपापल्या गल्लीत एक फेरी मारावी. कोणाच्या घरचे पोर दप्तर न घेता दिवसभर दिसते, ते पाहावे आणि आईबापांशी बसून बोलावे. रागावून नव्हे, त्यांची अडचण विचारून. दाखला नाही, गणवेश नाही, आई कामाला जाते आणि तान्हे सांभाळायला कोणी नाही, यांपैकीच काहीतरी निघेल. यांतले बरेचसे वस्तीला जमण्यासारखे असते. मुख्याध्यापकांना दोघा-तिघांनी मिळून भेटावे. कागद आडवा आला तर आम्हांला कळवावे. कागद लिहिणे हाच आमचा धंदा आहे, दुसरे काही आम्हांला येत नाही. गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीची फेरी आम्ही मारली. तीन मुले निघाली. दोघांचे काम झाले. तिसरी मुलगी नऊ वर्षांची आहे, आई धुण्याभांड्याला जाते आणि धाकटा भाऊ दीड वर्षाचा आहे. पत्नीने त्या बाळाला सकाळी आपल्याकडे ठेवून घेते असे सांगितले आहे. सोमवारी त्या मुलीला घेऊन आम्ही शाळेत जाणार आहोत.